वाचक विचारतात: बूस्ट मारून झालं, आता गिऱ्हाईक कसं आणू?

ह्या वेळच्या पत्रांत आणि व्हॉट्सॲप मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त लोकांचं एकच गाऱ्हाणं आहे, फेसबुकवर पैसे घालून पोस्ट बूस्ट केली, म्हणजे जास्त लोकांना दाखवायला लावली, इन्स्टावर रील टाकली, चौकात फ्लेक्स लावला, आणि गिऱ्हाईक काय येईना. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतोय. मी कुठला एजन्सीवाला नाही, आणि इथं सांगितलेलं सगळं प्रत्येकाला लागू पडेल असंही नाही, आपापला धंदा बघून काय घ्यायचं ते घ्या.

बेळगाव-शहापूरच्या एक ताई लिहितात: मी घरी मेतकूट, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, सांडगी मिरची करते. चव चांगली हाय म्हणतात सगळे. पोरानं इन्स्टाचं पेज काढून दिलं, दोन हजार भरून पोस्ट बूस्ट केली, लाइक भरपूर आले पण कुठले कुठले लोक, बेळगावातनं ऑर्डर काय आली नाही. दुकानदार माल ठेवून घेतो म्हणतोय पण पैसे खपल्यावर. मी आता काय करावं?

ताई, पहिलं म्हणजे बूस्ट करताना ठिकाण निवडायची सोय असते, आपल्या गावाभोवतीचा ठराविक किलोमीटरचा गोल टाकता येतो, ते पोरानं केलं होतं का विचारा. नसेल केलं तर पैसे बिहार-यूपीला लाइक वाटण्यात गेले. पण ते नीट केलं असतं तरी चटणीची चव फोटोत कळत नाही हो, ती जिभेवरच कळते, त्यामुळे तुमचा खरा प्रश्न जाहिरातीचा नाहीच, चमचाभर चटणी अनोळखी बाईच्या ताटात कशी जाईल हा आहे.

आता बघा, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडं गल्लीगल्लीत हळदी-कुंकू चालतं आणि प्रत्येक घरची बाई पन्नास-शंभर वाणं आणते. कुठून आणते, तर बाजारातून प्लास्टिकचे डबे, गाळण्या, कंगवे. त्यातलं निम्मं कुणाला नको असतं, पुढच्या वर्षी तेच दुसऱ्याला जातं. तुम्ही पन्नास ग्रॅमचं मेतकूट किंवा कारळ्याची चटणी 'वाण पॅक' म्हणून करा, जेमतेम खर्च निघेल एवढ्या भावात, आणि मार्गशीर्षातच ओळखीच्या बायकांकडून ऑर्डर घ्या. हे मला एवढं का आवडतं सांगतो. मोठ्या कंपन्या सॅम्पल वाटतात तेव्हा स्वतःचे पैसे घालतात आणि वाटणारा पोरगा कोण ते घेणाऱ्याला माहीत नसतं, इथं तुमच्या सॅम्पलचे पैसे यजमानीण देणार आणि वाटणार पण तीच, हळद-कुंकू लावून, हातात देऊन. असं पाकीट कोण फेकून देत नाही.

रुखवताचं पण तसंच आहे. लग्नात रुखवताच्या टेबलाभोवती बायका जेवढ्या वेळ उभ्या असतात तेवढ्या वेळ कुठल्या फ्लेक्ससमोर कुणी उभं राहत नाही. एखाद्या ओळखीच्या लग्नात तुमच्या चटण्यांच्या बरण्या नीट मांडून द्या, शेजारी छोटी चिठ्ठी.

घरात जाऊन विकायची ही पद्धत काय नवीन नाही. अमेरिकेत टपरवेअरचे डबे दुकानात पडून राहायचे कारण झाकणाची करामत बघितल्याशिवाय कळायची नाही, मग ब्राउनी वाईज नावाच्या बाई घरोघर बायका जमवून डबे उघडून-बंद करून दाखवायला लागल्या आणि विक्री एवढी वाढली की १९५१ मध्ये कंपनीनं दुकानातला माल काढून घेऊन फक्त घरगुती बैठकांतूनच विकायचं ठरवलं. आपल्याकडं तर बैठका आधीपासून आहेत, भिशी आहे, भजनी मंडळ आहे, जमवायची पण गरज नाही. फक्त एक पाळा, दुसऱ्याच्या हळदी-कुंकवात आपला बॅनर लावू नका आणि माइक हातात घेऊन भाषण करू नका. एकदा का 'ही धंदा करायला येती' असं झालं की पुढच्या वर्षी बोलावणं येणार नाही.

पाकिटावर काय लिहायचं हे पण महत्त्वाचं. नाव, घटक, तारीख आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा खात्याचा) नंबर तर पाहिजेच, रजिस्ट्रेशन केलं नसेल तर आधी ते करा, वाणाचं असलं तरी ते विकलेलंच पाकीट आहे. त्याखाली एक ओळ घाला, 'तुमच्याकडच्या वाणासाठी पण करून देतो' आणि फोन नंबर. ही एक ओळ सोडू नका. हॉटमेलची गोष्ट आहे ना, बेंगळुरात वाढलेला सबीर भाटिया आणि त्याचा जोडीदार जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला ते सुरू केलं, जाहिरातीला पैसा नव्हता, तर त्यांनी जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या खाली तुम्हीपण इथं फुकट ईमेल घ्या अशा अर्थाची ओळ टाकली. ज्याला मेल गेला त्याला जाहिरात पण गेली, आणि ती ओळखीच्याकडून गेली. दीड वर्षात मेंबर कोटीच्या घरात गेले आणि १९९७ संपता संपता मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं. तुमचं वाण घेतलेली प्रत्येक बाई पुढच्या हळदी-कुंकवाची यजमानीण असते, म्हणजे ती ओळ बरोबर माणसाच्या हातात पडते.

आणखी एक, रिकामी बरणी परत घ्यायला लागा. तमिळनाडूतल्या कडलूरचे सी. के. रंगनाथन यांनी चिक शॅम्पू काढला तेव्हा कुठल्याही कंपनीची पाच रिकामी पाकिटं आणा आणि चिकचं एक फुकट न्या अशी स्कीम केली होती, नंतर लोकांना चिकची सवय लागल्यावर फक्त चिकचीच रिकामी पाकिटं घ्यायला लागले. तुमच्या पाच रिकाम्या बरण्यांवर एक लहान बरणी फुकट, असं केलंत तर गिऱ्हाईक पाच वेळा तुमच्याकडेच फिरून येतंय. दुकानदाराला मात्र सध्या राहू द्या, माल खपल्यावर पैसे म्हणजे तुमचं भांडवल त्याच्या फळीवर.

बेळगावच्या उद्यमबागेतून एक फॅब्रिकेशनवाले: सायकलच्या चाकाचं कोळपं (तण काढायचं अवजार) केलंय, सोयाबीन, भुईमुगाला चालतंय, भाव पण परवडणारा. शेतकरी येतात, हात लावतात, 'बरं हाय की' म्हणतात आणि जातात. कृषी प्रदर्शनात स्टॉल घेतला, भाडं पण निघालं नाही. यूट्यूबवर व्हिडिओ टाकू का?

टाका, पण त्याच्या आधी तुम्ही रोज ज्या गावातून जाता त्या गावचीच गोष्ट ऐका. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, ते जिथं होतं तोच आजचा किर्लोस्कर रोड. तेव्हा सायकल म्हणजे साहेबाची वस्तू, तर नुसती विकून भागणार नव्हतं, त्यांचे भाऊ रामूअण्णा लोकांना सायकल चालवायला शिकवायचे पण. चालवता आली तर घेणार ना माणूस. पुढं ते कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर करायला लागले, आणि नांगर काय खपेना, कारण लोखंडानं जमिनीत विष उतरतं असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. म्हणजे माल चांगला, भाव बरा, तरी दोन वर्षं. तुमचा एक सीझन गेला म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका.

तुमच्या गिऱ्हाईकाला विषाची भीती नाही, त्याला वेगळी भीती आहे. कोळपं घेतलं आणि आपल्या रानात चाललं नाही, काळ्या मातीत चाक रुतलं, तर गल्लीतले हसतील. प्रदर्शनात हे कळत नाही, तिथं जमीन सिमेंटची असते. म्हणून कोळपं विकायला ठेवू नका, भाड्याला ठेवा, आणि तुमच्याकडं नको, गावच्या दूध डेअरीत ठेवा. डेअरीवर सकाळ-संध्याकाळ अख्खा गाव कॅन घेऊन येतोय, रांगेत उभा राहतोय, बोलायला विषय पाहिजेच असतोय. दिवसाला थोडंसं भाडं, त्यातलं निम्मं डेअरीवाल्याला, आणि कोण कधी नेणार ते खडूनं भिंतीवरच्या फळ्यावर. कोळपणीच्या दिवसात त्या फळ्यावर चार-पाच नावं लागली की सहावा माणूस काय म्हणणार, 'पाळी कधी यायची, एक घेऊनच टाकतो.'

ही युक्ती जुनीच. अठराव्या शतकात फ्रान्समधले लोक बटाटा खायला तयार नव्हते, तर पार्मेंतिए नावाच्या माणसानं पॅरिसजवळ राजाकडून मिळालेल्या जमिनीत बटाटा लावला आणि दिवसा शेतावर शिपायांचा पहारा बसवला, रात्री मुद्दाम उठवला. पहारा आहे म्हणजे काहीतरी भारी असणार म्हणून लोकांनी रात्री चोरून बटाटे नेले, अशी गोष्ट सांगतात. बेळगावच्या बटाट्याच्या मार्केटात उभं राहून ही गोष्ट सांगितली तर कुणाला खरी वाटणार नाही. पण तुम्ही पार्मेंतिएसारखं नाटक करू नका हं, फळ्यावर खोटी नावं घातलीत तर दुसऱ्या दिवशी डेअरीतच उघडं पडेल, गावात कोण कधी कोळपतंय ते सगळ्यांना माहीत असतंय. खरी रांग लागू दे.

दुसरं काम, रस्त्याकडेच्या कुणाच्या तरी रानात दहा-बारा सऱ्या तुमच्या कोळप्यानं आणि शेजारच्या तेवढ्याच हातानं करून द्या, फुकट, आणि मध्ये पाटी लावा, ह्या बाजूला किती माणसं आणि किती तास, त्या बाजूला किती. रान मालकाचं, मजूर पण त्याचेच, म्हणजे आकडा खोटा आहे असं कोण म्हणणार नाही.

आता व्हिडिओचं. नुसता मालाचा व्हिडिओ कोण बघत नाही. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याचं आणि त्यांच्या मालाचं मासिक म्हणून, पण त्यात एवढं वाचण्यासारखं यायला लागलं की पुढं ते 'किर्लोस्कर' ह्या नावानं घरोघर वाचलं जाणारं मासिक झालं, मागून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. नांगराच्या कारखान्याची मासिकं बायका वाट बघून वाचत होत्या, विचार करा. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीनं १८९५ पासून 'द फरो' नावाचं शेतीचं मासिक चालवलंय, आणि टायर विकणाऱ्या मिशेलिननं १९०० मध्ये फ्रान्समध्ये मोटारवाल्यांसाठी गाइड छापून ३५ हजार प्रती फुकट वाटल्या, त्यात गॅरेज कुठं, पेट्रोल कुठं, मुक्काम कुठं हे सगळं. लोक जास्त फिरले की टायर जास्त झिजणार, हिशेब सरळ होता. तर तुम्ही पण कोळपं बाजूला ठेवून शेतकऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी द्या, रोजचा एपीएमसीचा (मार्केट यार्डातला) दर, औषध फवारणीचा पंप दुरुस्त कसा करायचा, बेअरिंगला ग्रीस कधी घालायचं. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, एका लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. नंबर सेव्ह करायला कारण लागतं. बाजारभाव रोज येतोय म्हटल्यावर माणूस सेव्ह करतो, कोळप्याची जाहिरात येते म्हणून कोण करणार?

चिकोडीचे एक मोबाईल दुकानदार: दसरा-दिवाळीला लकी ड्रॉ ठेवायचा आहे, पहिलं बक्षीस स्कूटी. सगळेच ठेवतात. काही वेगळं करता येईल का?

वेगळं म्हणजे ड्रॉ न ठेवणं. अण्णा, सगळे ठेवतात हे खरं, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अनुचित व्यापार प्रथा' कशाला म्हणायचं ते लिहिलंय, त्यात विक्री वाढवायला लॉटरी किंवा नशिबाचा खेळ ठेवणं येतं, निकाल जाहीर न करणं येतं, आणि 'फुकट' म्हणून दिलेल्या वस्तूचे पैसे किमतीत धरलेले असले तर ते पण येतं. एखादा चिडलेला ग्राहक तक्रार करेपर्यंत कुणाचं लक्ष नसतं एवढंच. शिवाय स्कूटी एकाला मिळते आणि बाकीचे दुकानदाराच्या मेव्हण्यालाच लागली असं म्हणत घरी जातात, मग तुम्ही कितीही प्रामाणिक असा.

स्कूटीचे पैसे असे घाला. जुन्या फोनमधला सगळा डेटा, फोटो, व्हॉट्सॲप, बँकेची ॲप नव्या फोनमध्ये बसून नीट करून द्यायला एक पोरगा ठेवा, फक्त तेवढ्यासाठी, म्हाताऱ्या माणसांना खुर्ची आणि चहा. ऑनलाइन घेतलेल्या फोनला ही सेवा कोण देणार? आणि काउंटरच्या मागं एक पाटी लावा, 'हा फोन कुणी घेऊ नये', दर आठवड्याला एक मॉडेल आणि खाली कारण, गेम खेळणाऱ्यानं हा घेऊ नये, शेतात वापरायचा असेल तर तो घेऊ नये. पॅटागोनिया नावाच्या कपड्याच्या कंपनीनं २०११ मध्ये ऐन खरेदीच्या सीझनला, ब्लॅक फ्रायडेला, न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतःच्याच जॅकेटचा फोटो छापून 'हे जॅकेट घेऊ नका' अशी पानभर जाहिरात दिली होती. तुमचा डिस्ट्रिब्युटर थोडा कुरकुरेल, म्हणून मॉडेलला शिव्या घालू नका, कुणासाठी नाही एवढंच लिहा. जो दुकानदार एक फोन घेऊ नका म्हणतो, त्यानं घ्या म्हटलेला दुसरा फोन खपतोच.

निपाणीहून, साडीचं दुकान: बोर्ड कुठल्या भाषेत लावावा? आमचं गिऱ्हाईक मराठी पण, कन्नड पण.

बोर्डाचा प्रश्न कर्नाटकात कायद्यानंच सोडवलाय, २०२४ च्या दुरुस्तीनंतर फलकावर ६० टक्के कन्नड पाहिजे, ते पाळून उरलेल्या जागेत बाकीचं. पण गिऱ्हाईक बोर्ड वाचून दुकानात येतंय कुठं, ते मोबाईलवर शोधून नाहीतर बहिणीला विचारून येतंय. गुगलवर दुकानाचं प्रोफाइल फुकट काढता येतं, तिथल्या माहितीत आणि फोटोखाली मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही असू द्या. आत काउंटरला दोन्ही भाषा बोलणारी पोरगी ठेवा आणि तिला पगार चांगला द्या, एवढी मोठी जाहिरात दुसरी नाही. कन्नड गिऱ्हाईक बाईशी तिनं कन्नडमधून भाव केला की ती बाई घरची होऊन जाते आणि मराठीतून आलेल्या वैनींना तिनंच काठ उलगडून दाखवायचा.

हिंडलग्याहून, क्लासवाले सर: दहावी-पीयूसीचे (अकरावी-बारावीचे) क्लास घेतो. भिंतीवर, पोलवर पोस्टर चिकटवले तर चालतं का? रात्रीत काम होतं.

नाही चालत. कर्नाटकात उघड्या जागा विद्रूप करण्याविरुद्ध १९८१ पासून कायदाच आहे, आणि पोस्टरवर तुमचा नंबर असतो म्हणजे आरोपी शोधायला पोलिसांना काही कष्ट नाहीत. शिवाय शिक्षकाचं पोस्टर गटाराच्या वरती, मला ते बघवत नाही.

क्लासच्या बाहेर मोठा काळा फळा लावा. आपल्याकडं मंडळांचे फळे असतात, निधन वार्ता, अभिनंदन, सुविचार, लोक जाता-येता थांबून वाचतातच, ती सवय आयती आहे. तुमच्या फळ्यावर रोज संध्याकाळी एक गणित, अवघड नाही पण फसवं, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी. बरोबर उत्तर आणणाऱ्या पोरांची नावं तिथंच, शाळेच्या नावासकट, मग पोरं तुमच्या क्लासची असोत नसोत. आठ दिवसांत बाप लोक पण तिथं उभं राहून बोटं मोजत बसतील. स्वतःचे रिझल्ट आणि टक्केवारी मात्र त्या फळ्यावर लिहू नका, त्यानं सगळा मजा जातो.

संकेश्वर, टाइल्स-प्लंबिंगचं दुकान: मिस्त्री लोक कमिशन मागतात. देऊ का? नाही दिलं तर दुसऱ्या दुकानात नेतात.

ह्याचं उत्तर मला पूर्ण समाधानाचं देता येणार नाही, कारण बाजारात ही चाल पडलीय आणि एकट्या दुकानदारानं मोडायची म्हणजे कठीण. पण फेविकॉलकडं बघा. १९५९ पासूनचा तो माल, खरेदीचे पैसे घरमालकाचे आणि डिंक कुठला ते ठरवणार सुतार, हे ओळखून त्यांनी सुतारालाच धरलं, त्यांच्याशी थेट संबंध ठेवला, पुढं सुतारांचे क्लब काढले. तिथं सुताराला मान मिळाला, नुसती पाकिटं नव्हे. तुम्ही प्रत्येक मिस्त्रीला शंभर व्हिजिटिंग कार्ड छापून द्या, पुढं ठळक त्याचं नाव, काम आणि नंबर, मागं बारीक तुमचं दुकान. तो स्वतःची जाहिरात करताना तुमची करतोय, आणि कार्ड संपली की परत तुमच्याकडंच येतोय. नवीन फिटिंग आलं की संध्याकाळी चहा-भजी ठेवून कंपनीच्या माणसाकडून बसवायला शिकवा. कमिशन द्यायचंच झालं तर तुमच्या नफ्यातनं द्या, गिऱ्हाईकाच्या बिलात चढवू नका. घर बांधणारा माणूस चार दुकानांत भाव विचारूनच आलेला असतो, कळलं की तो गावभर सांगतो.

जांबोटीकडून, होमस्टे चालवणारे: एक एजंट म्हणतोय पैसे द्या, गुगलवर शंभर फाइव्ह स्टार रिव्ह्यू टाकून देतो. आम्हाला दोन वाईट रिव्ह्यू आलेत, पावसात नेटवर्क नव्हतं आणि जळवा होत्या म्हणून. घेऊ का?

अजिबात नको. गुगल असले रिव्ह्यू हुडकून काढून टाकतं, आणि सरकारनं पण खोट्या रिव्ह्यूंचा विषय हातात घेतलाय, भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० हे ऑनलाइन रिव्ह्यूचं मानकच काढलं. ते सोडा, शंभर रिव्ह्यू एका महिन्यात आणि सगळ्यांत 'नाइस प्लेस, गुड फूड', पुण्याचा माणूस ते वाचूनच ओळखतो.

तुमचे ते दोन वाईट रिव्ह्यू मला तर सोन्यासारखे वाटतात. चोर्ल्याच्या जंगलात पावसाळ्यात जळवा असणार नाहीत तर काय मोर असतील. त्यांना रागानं उत्तर देऊ नका, त्यांच्याखालीच लिहा, होय, जून ते सप्टेंबर जळवा असतात, आम्ही मीठ आणि मोजे देतो, नेटवर्कसाठी अमुक टेकाडावर जावं लागतं. मग तेच सगळं तुमच्या माहितीत वरती घाला, इथं नेटवर्क नाही, स्पीकर लावता येणार नाही, दारूची पार्टी चालणार नाही, स्विमिंग पूल नाही, रात्री बेडूक ओरडतात. गोव्याला पार्टीला निघालेली गाडी हे वाचून पुढं जाईल, जाऊ दे, तीच गाडी तुम्हाला एक स्टार देऊन गेली असती. आणि नेटवर्क नाही हे वाचूनच बुकिंग करणारे हुबळी, पुण्याचे लोक आहेत, तुम्हाला ते पाहिजेत. खरे रिव्ह्यू पाहिजे असतील तर निघताना मागू नका, तेव्हा बॅगा भरायची गडबड असते, आणि तुमच्याकडं नेटवर्क पण नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी काढलेल्या एखाद्या पक्ष्याचं किंवा फुलाचं नाव सांगणारा मेसेज पाठवा, त्याच्याखाली लिंक.

रायबाग तालुक्यातून, गुऱ्हाळवाले: चिंचलीच्या मायाक्का देवीच्या जत्रेत गूळ विकायचाय. सेंद्रिय हाय. पण तिथं गुळाची शंभर दुकानं, आमचं कोण ओळखणार? मोठा बॅनर करू काय?

बॅनर तिथं कुणाला दिसणार, भंडारा उधळलेला, धूळ, गर्दी. जत्रेत जाहिरात करायची तर माणूस ज्या वस्तूला हात लावणारच आहे त्या वस्तूवर करायची. २०१३ च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात लाइफबॉय साबणवाल्यांनी हे केलं होतं, त्यांनी फलक लावण्यापेक्षा जेवणाच्या रोट्यांवर गरम ठशानं 'लाइफबॉय से हाथ धोए क्या?' असं उमटवलं, शाई नाही काही नाही, तव्यासारखा नुसता भाजल्याचा ठसा. २५ लाख रोट्या. जेवायला बसलेला माणूस रोटी उचलतो आणि हात धुतले का हा प्रश्न समोर, त्याच क्षणाला. त्यांच्याकडं पैसा होता हे सोडा, डोकं कुठं चाललं ते बघा.

तुमच्याकडं तर ठसा आयता बसतोय, गुळाला साचा असतोच. लहान वड्या करता तेव्हा साच्याच्या तळाला तुमच्या गावाचं नाव कोरा, कंपनीचं नको, गावाचं. कागद, पाकीट, स्टिकर सगळं निघून गेलं तरी शेवटच्या तुकड्यापर्यंत नाव राहतं. दुसरं, उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी देणं ही आपली रीत आहे, जत्रेच्या वाटेवर, दुकानांच्या रांगेत नव्हे, अलीकडं एक-दोन किलोमीटरवर, पाणपोई लावा आणि प्रत्येकाला ठशाचा एक खडा. महाराष्ट्रातून बैलगाड्या घेऊन भक्त येतात, त्यांच्या बैलांना पण पाणी आणि गुळाचा खडा द्या, गाडीवान स्वतःच्यापेक्षा बैलाला दिलेलं जास्त लक्षात ठेवतो. तिथं विकायचं काहीच ठेवू नका, विचारलं तर जत्रेत आमचं दुकान कुठं आहे ते सांगा. परतीच्या वाटेवर मात्र किलोचे डबे तयार ठेवा, जाताना ओझं कोण घेत नाही, येताना घरी काहीतरी न्यायचंच असतं. 'सेंद्रिय' असं छापणार असाल तर आधी त्याचं प्रमाणपत्र बघा, नसेल तर नुसतं कसा करतो ते लिहा, चुना किती, पावडर घालत नाही वगैरे. आणि साचा करायला टाकाल तेव्हा अक्षरं आरशातल्यासारखी उलटी कोरायला सांगा, सुताराला कागदावर उलटं काढूनच द्या, आणि बारीक वेलांट्या टाळा, गरम गूळ त्यात अडकून बसतो आणि काढताना तुटतो.